भिंत नसलेलं दार

मी आयुष्यभर जिने रंगवले आणि त्यांतला एकही कुठे जात नव्हता. शेवटच्या पायरीनंतर थेट ढग. कधी ढगाऐवजी चंद्र. फुलसावंगीच्या आमच्या फोटो स्टुडिओत त्या जिन्यापुढे किती माणसं उभी राहिली असतील, पण हा जिना कोणाच्या घरचा असं मला कोणी विचारलं नाही. अपवाद म्हाताऱ्या माणसांचा. एक आजोबा तर पडदा बघून खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, "वर तं जायचंच हाय पोरी, पन इतकी घाई कायले?" तेव्हापासून साठीच्या पुढचं गिऱ्हाईक दिसलं की आमचे हे न सांगता बागेचा पडदा सोडत.

माझे वडील यवतमाळला कोर्टात कारकून, काका पोस्टात, भाऊ बँकेत. टेबल-खुर्चीवाचून पोट भरणारी आमच्या घरात मीच पहिली. चित्रकलेचा डिप्लोमा केला तेव्हा पोरगी शाळेत बाई होईल अशी वडिलांनी स्वतःची समजूत घातली होती. मी झाले एका फोटोग्राफरची बायको. लग्नानंतर पंधरवड्यातच ह्यांचा जुना पडदा पाहिला. त्यावर ताजमहाल होता आणि तो एका बाजूला झुकला होता. मी म्हटलं, अहो, हा पडेल. हे म्हणाले, "मंग कर ना सरळ." तिथून जे सुरू झालं ते पुढे मुकुटबन, राळेगावपर्यंतच्या स्टुडिओंचे पडदे रंगवण्यापर्यंत गेलं. माझे राजवाडे एसटीच्या टपावर बसून जिल्हाभर हिंडले.

आता फोटोमागे काय हवं ते कॉम्प्युटर लावून देतो, त्यामुळे हा धंदा थोडा समजावून सांगावा लागेल. जाड मांजरपाट आणायचा, धुऊन त्याची खळ काढायची आणि ओलाच चौकटीवर ताणून ठोकायचा. त्यावर सुतार वापरतात तो सरस आणि खडूची भुकटी यांचा हात. मग सरसातच कालवलेले भुकटीचे रंग. तेलाचा रंग चालत नाही, दिव्यात चकाकतो. ओला रंग दिसतो त्याहून वाळल्यावर कितीतरी फिका होतो, तेव्हा डोळ्यांवर विश्वास न ठेवता रंगवायची सवय करावी लागते. वाळलेल्या पडद्याची घडी घालायची नाही, रंग तडकतो, बांबूवर गुंडाळायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्रातलं क्षितिज स्टुलावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. ते चुकलं तर माणूस महालापेक्षा उंच दिसतो. माझ्या सुरुवातीच्या एका पडद्यावर देवळाचा कळस नेमका बसणाऱ्याच्या डोक्यातून उगवायचा. एका गुरुजींचा तसा फोटो निघाला आणि ते रागावण्याऐवजी खूश झाले. त्यांनी तो मोठा करून घरी लावला.

डिप्लोमा करताना आमच्या सरांनी परदेशी चित्रांचं एक पुस्तक दाखवलं होतं. अतिवास्तव म्हणतात त्या प्रकारचं. ओसाड चौक, कमानींच्या रांगाच रांगा, लांबच लांब सावल्या आणि माणूस एकही नाही. एका चित्रात अर्धी इमारत समुद्रात, दुसऱ्यात माळावर नुसताच खांब. मी वेडीच झाले. सर म्हणायचे, स्वप्नातलं घर हे घर नसतं, मन असतं. जिना म्हणजे ओढ, कमान म्हणजे एकटेपणा, खिडकी म्हणजे आठवण. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

फुलसावंगीत आल्यावर कळलं की गिऱ्हाइकांची स्वतःची वेगळीच बाराखडी आहे. कमान लागायची नव्या जोडप्याला, आणि तिच्यात एकटेपणा कोणाला दिसत नसे. तान्ह्या बाळाला सज्जा. पोलीस भरतीत लागलेल्याला किल्ला. कॉलेजात गेलेल्या मुलीला खांब, त्यावर एक कुंडी. कमानी तळ्यात उभ्या आहेत, खालची जमीनच गायब आहे, याची कोणालाही पर्वा नव्हती. फक्त एकदा एका बाईंनी माझ्या पाण्यातल्या महालाकडे निरखून पाहत विचारलं होतं, "इथं नळ कितीक वाजता येते हो?" त्या थट्टा करत होत्या की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

मग कापसाचे वाईट दिवस आले. त्याबद्दल शहाण्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी माझ्या खिडकीतून दिसलं तेवढंच सांगते. कापूस बरा पिकला की लोक महाल मागत. बोंडं किडली की साधा निळा पडदा. पैसे दोन्हीचे सारखेच, पण म्हणत, "बंगला नोको भाऊ, लोक हासतीन." नंतर नंतर तर निळाही मागे पडला. पोरं कामाला बाहेर जाऊ लागली, त्यांना ओळखपत्रासाठी छोटे फोटो हवे असत आणि त्यासाठी लागे पांढरं फटफटीत कापड. माझे जिने, सज्जे, कमानी बांबूवर गुंडाळून कोपऱ्यात उभे राहिले. मला त्याचं फार वाईट वाटायचं. बाहेर एवढं काय काय चाललेलं असताना आपण पडद्यांसाठी कुढतोय याची लाजही वाटायची, पण वाटायचं ते वाटायचंच.

अशाच एका रिकाम्या हिवाळ्यात मी स्वतःसाठी एक पडदा रंगवला. मोकळं रान, काळी माती, दूर एक टेकडी, आणि रानाच्या मधोमध एक दार. अर्धं उघडं, निळं. बाजूला भिंत नाही, वर छप्पर नाही. दाराची सावली मात्र लांब पडलेली. सरांच्या पुस्तकातलं काहीतरी इतक्या वर्षांनी हातातून उतरलं होतं आणि मी मनातून फार खूश होते. ह्यांनी कंबरेवर हात ठेवून पडदा पाहिला.

"भीत नाही अन् दार कायले?"

"स्वप्न आहे ते."

"चोराले बी हासू येईन याचं."

तरी लावला त्यांनी. माझ्या कामाची टिंगल करायची आणि मग ते सगळ्यात पुढे टांगायचं ही त्यांची रीत. पण पडदा चालेना. माणूस स्टुलावर बसायचा, मागे वळून बघायचा, उठायचा आणि स्टूल उचलून बाजूला न्यायचा. मला वाटलं, अतिवास्तव झेपत नाही लोकांना. एक दिवस एका आजीने खरं कारण सांगितलं. म्हणाली, "उंबऱ्यावर कोनी बसते काय वं, बाई?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाराचा उंबरठा मी नेमका स्टुलामागे काढला होता. फोटोत माणूस उंबरठ्यावर बसल्यासारखा दिसणार, आणि उंबरठ्यावर बसू नये हे मला लहानपणापासून माहीत होतं. सावलीचा कोन मी तीनदा तपासला होता आणि हे साफ विसरले होते.

पडदा उतरवायचाच होता, तेवढ्यात बाजाराच्या दिवशी सक्रीबाई आली. जवळच्या तांड्यावरची, पन्नाशीची, उंच बांध्याची बाई. तिच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव नेलं. ही मात्र जन्मापासून याच मातीत कापूस वेचत आलेली. तिला एक फोटो काढून सुरतेला पाठवायचा होता. मुलगा तिकडे बांधकामावर होता.

ती स्टुलावर बसली. हे म्हणाले, "माय, जरासं बाजूले सरक. उंबरा येते मांगं." तिने वळून पाहिलं. स्टूल उचलून दाराच्या डाव्या अंगाला, रिकाम्या रानात ठेवलं आणि पुन्हा वळून पाहत राहिली.

"पेंटरीनबाई, माह्यं घर तुनं कवा पाह्यलं?"

मी म्हटलं, मी कुठे पाहिलं?

"मंग हे काय हाय?" ती म्हणाली. "भादव्यातल्या पान्यानं दोन्ही भिती बसल्या माह्या. छप्पर गेलं. दार तेवढं उभं हाय. सागाची चौकट हाय, ते कायले पडते? मी मांगं ताडपत्री लावून राह्यली."

आणि मग तिने सांगितलं ते असं. दोन वर्षं कापसाने दगा दिल्यावर मुलगा किसन बाहेर जायला निघाला. ती नको म्हणत होती. शब्दाने शब्द वाढला. ती रागाच्या भरात बोलून गेली, "जातं तं जाय, पन मंग या दारातून परत येऊ नोको." तोही तिचाच मुलगा. म्हणाला, "नाही येत. तुह्यी शपथ." आणि गेला.

"दोन होळ्या झाल्या, आला नाही," सक्रीबाई म्हणाली. तांड्यावर होळीला माणूस कुठूनही घरी येतो. होळीला न येणं म्हणजे फार झालं. "रागानं नाही राह्यला तो, बाई. भेवानं राह्यला. माह्या जिवाची शपथ घेतली, अन् दारातून आला तं मी मरन म्हन्ते."

"अहो, मग तुम्ही 'शपथ सुटली' म्हणा ना," मी म्हटलं.

"निरोप धाडला. तो म्हन्ते, जिची शपथ हाय तिनंच सोडवली तं ते सुटत नसते. माय तं खोटंच बोलन."

हे कॅमेऱ्यामागून म्हणाले, "पोरगं हुशार हाय."

"हुशार असतं तं शपथ घेतली असती का?" सक्रीबाई म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. तिने बोट दाराच्या चौकटीवरून बाजूला नेलं, जिथे मी नुसती काळी माती आणि आभाळ काढलं होतं. बोट तिथेच थांबलं. मग ती मोठ्याने हसली, इतकी की बाहेर बाजारातली माणसं आत डोकावली.

"थांब वं! शपथ त्यानं दाराची घेतली ना? भितीची तं नाही घेतली! भीतच नाही राह्यली, तं दारातून यायले सांगतेच कोन त्याले? बाजूनं ये म्हना!"

दार म्हणजे काय, यावर सरांनी आम्हाला तासभर सांगितलं होतं. जागेपण आणि स्वप्न यांच्यामधली वेस, वगैरे. दाराच्या शेजारच्या रिकाम्या जागेबद्दल ते काही बोलले नव्हते, आणि मीही ती जागा फक्त सुंदर दिसते म्हणून सोडली होती.

पण सक्रीबाईचं एवढ्यावर भागणार नव्हतं. हे दार तिचं नव्हतं. किसनला ओळखू आलं पाहिजे. तिचं दार बिनरंगाचं, सागवानी. कडी डाव्या हाताला. चौकटीवर घोड्याची नाल, तीही उलटी ठोकलेली. आणि वर टांगलेली आज्याच्या लदेणीच्या बैलाची पितळी घंटी. मी माझ्या निळ्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि त्यावर मातकट रंग फिरवला. जीव तुटला, खोटं कशाला बोलू. घंटी तिला पसंत पडेना. "ते इतकी नवी नाही, पोचे हायत तिले," असं म्हणून तिने मला घंटीवर पोचे काढायला लावले.

पुढच्या बाजारी फोटो काढला. सक्रीबाई दाराच्या बाजूला बसली, आणि भिंत असायला हवी होती त्या रिकाम्या जागेकडे तिने हात पसरला, पाहुण्याला आत ये म्हणताना पसरतात तसा. हे म्हणाले, "हात मांडीवर ठेव, माय." ती म्हणाली, "हाताचाच फोटो काढून राह्यले तुम्ही. मी तं अशीच बसली." तांड्यावरचा एक माणूस होळीला आला होता, त्याच्यासोबत फोटो सुरतेला गेला.

आता खरी पंचाईत होती. होळी झाली की तांड्यावर घरं शाकारायची, भिंती लिंपायची घाई सुरू होते. मृगाच्या आत घर उभं व्हायला हवं. सक्रीबाईचे दीर माती कालवून तयार. ती त्यांना भिंतीला हात लावू देईना. भिंत उभी राहिली की पोराचा रस्ता बंद. लोक म्हणाले, बाई बिघडली. एवढ्या उन्हात ताडपत्रीखाली राहते आणि घर बांधायला नको म्हणते. दर बाजारी ती स्टुडिओत पाणी प्यायला थांबायची आणि आभाळाकडे बघायची. मला धास्ती वाटू लागली. नाही आला तर? मृग लागला आणि तिच्या अंगावर पाऊस पडला तर? माझ्या एका पडद्यापायी एक बाई उघड्यावर बसली होती, आणि ते काही स्वप्न नव्हतं.

वैशाखात एका दुपारी एसटीतून उतरून एक काळासावळा पोरगा स्टुडिओच्या पायरीशी उभा राहिला. हातात आमचा फोटो. आत येईना. ह्यांना म्हणाला, "भाऊ, मले खरं सांगा. भीत खरंच पडली का, का पडद्यावरच नाही?"

"दोन्हीकडं नाही," हे म्हणाले. "चाल, बस मांगं."

मोपेडवर तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून पुढचं मला ह्यांच्याकडून कळलं. सगळा तांडा गोळा झाला होता. किसन दारासमोर येऊन थांबला. मग दाराला वळसा घालून, भिंत नव्हती तिथून आत गेला. सक्रीबाई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर करून एवढंच विचारलं, "जेवला काय?" हे सांगताना ह्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला. मी तर भाकरी थापता थापता ढसाढसा रडले.

मृगाच्या आत किसनने भिंती उभ्या केल्या. सक्रीबाईने आम्हाला मुद्दाम बोलावलं. जाऊन बघते तर काय! भिंतीत दार, आणि दाराच्या शेजारीच भिंतीत एक माणूसभर भगदाड. सगळे दारातून ये-जा करत होते, किसन आणि बकऱ्या भगदाडातून. इतकं अतिवास्तव मी जन्मात कधी काढलं नव्हतं, काढलं असतं तर ह्यांनी टांगलं नसतं.

"ताई, माह्यी शपथ हाय ना," किसन ओशाळून म्हणाला. "आता माय म्हातारी होऊन राह्यली. उगाच कायले?"

सक्रीबाई म्हणाली, "हिवाळ्यात गार वारं येते त्यातून. पन राहू द्या. पोरगं बी त्यातूनच येते."

पुढे कापूस कधी बरा झाला, कधी बिघडला. किसन दिवाळीनंतर सुरतेला जाई आणि होळीला भगदाडातून घरी येई. तांड्यावरच्या लोकांना त्याची इतकी सवय झाली की नवीन माणसाने विचारलं तरच ते हसत. मग किसनचं लग्न ठरलं. मुलगी पुसदकडच्या तांड्यावरची, सुनीता नाव, दहावी झालेली. फोटो काढायला आम्हीच गेलो. मी आपली उगाचच, पडद्याची गरज नसताना.

वरात घरी आली. सक्रीबाई आत दिवा घेऊन उभी. दारावरची घंटी कोणीतरी घासून लख्ख केली होती, पोचे मात्र तसेच. सुनीता उंबऱ्याशी आली आणि किसन, नव्या कपड्यांत, सवयीने भगदाडाकडे वळला. सुनीताने पाय मागे घेतला.

"हे कुठं चालले?"

कोणीतरी तिला शपथेची गोष्ट सांगू लागलं. "मले माहीत हाय," ती म्हणाली. "पन मी एकटी उंबरा ओलांडत नाही. दोघांनी मिळून ओलांडायचा असते. नाही तं मी बी बकऱ्याइच्या रस्त्यानं येतो."

नवी नवरी भगदाडातून! बायकांनी तोंडाला पदर लावले. किसनचा चेहरा पांढरा पडला. तो आईकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतली ती भीती पाहून मला कळलं की इतकी वर्षं आम्ही जिला गंमत समजत होतो ती त्या पोरासाठी कधीच गंमत नव्हती.

"याडी?" तो म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"ये," सक्रीबाई म्हणाली. "मी काही मरत नाही."

सुनीताने हात पुढे केला. किसनने तो धरला, डोळे घट्ट मिटले आणि दोघांनी उंबरा ओलांडला.

आणि मग नवरानवरीकडे कोणी बघेचना. सगळा तांडा सक्रीबाईकडे बघत होता. ह्यांचा कॅमेराही तिच्यावरच. ती दिवा धरून जागच्या जागी उभी होती. एक हात छातीवर ठेवून तिने अंमळ अंदाज घेतला. श्वास आत घेतला, बाहेर सोडला, पुन्हा आत घेतला. सगळं जागेवर आहे याची खात्री पटल्यावर तिने लेकाकडे पाहिलं.

"वा रे पोट्ट्या!" सक्रीबाई म्हणाली. "मायसाठी भगदाड, अन् बायकोसाठी दार!"